उशीखालचं व्हेप आणि तिसऱ्या दिवसाची चिडचिड

प्रश्न : मी ३२ वर्षांचा आहे. पुण्यात आयटीत नोकरी, आठवड्यातले तीन दिवस घरून काम. पूर्वी दिवसाला सात-आठ सिगारेटी व्हायच्या. त्या सोडायच्या म्हणून तीन वर्षांपूर्वी व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, घेतलं. सिगारेट सुटली, पण व्हेप आता दिवसभर हातात असतं. ५ टक्के निकोटिनचं डिस्पोजेबल, बॉक्सवर १० मिली लिहिलेलं; पाच-सहा दिवसांत संपतं. रात्री उशीखाली असतं आणि सकाळी दात घासायच्या आधी पहिला पफ. दोनदा एका झटक्यात बंद केलं, दोन्ही वेळा तिसऱ्या दिवशी घरात भांडण झालं आणि परत सुरू केलं. बायकोला वाटतं, त्यात नुसता फ्लेवर असतो. दोन महिन्यांनी बाळ येणार आहे. हळूहळू कमी करू की एकदम सोडू? झिरो निकोटिनवालं घेतलं तर चालेल का? निकोटिनच्या गमनं खरंच फरक पडतो? की परत सिगारेटच सुरू होईल?

उत्तर : एकदमच सोडा, पण उद्या नको. दोन आठवडे तयारी करा, तारीख ठरवा आणि त्या दिवशी निकोटिनची दुसरी सोय हाताशी असू द्या. बाळ आल्यावर बघू, असं मात्र म्हणू नका. जागरणाच्या त्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत सोडणं सगळ्यात अवघड जाईल.

तुमचे आधीचे प्रयत्न मनाच्या कमजोरीमुळे फसले असं पत्रावरून तरी दिसत नाही. निकोटिन शरीरातून झपाट्यानं उतरतं. रक्तातलं प्रमाण साधारण दर दोन तासांनी निम्मं होतं. म्हणून रात्रीच्या झोपेनंतर दात घासायच्या आधीच तलफ येते. पूर्ण बंद केलं की काही तासांत त्रास सुरू होतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो कळसाला पोचतो आणि मग दोन ते चार आठवड्यांत ओसरत जातो. तुम्ही दोन्ही वेळा नेमके कळसावर हरलात, तेही कुठल्याही औषधाच्या आधाराशिवाय. अजून दोन दिवस निघाले असते तर उतार लागला असता.

आता व्हेप सिगारेटपेक्षा वेगळ्या पद्धतीनं सोडावं लागतं, ते का, हे बघा. सिगारेट संपते. थोटूक विझवावं लागतं, दुसरीसाठी खाली टपरीवर उतरावं लागतं, बोटांना वास येतो, घरचे ओरडतात. व्हेपला असा शेवटच नाही. चिवड्याचा डबा उघडा राहिला की येताजाता हात जातो आणि किती खाल्लं ते कळत नाही, तसंच हे. मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून दोन पफ, बिल्ड चालू असताना चार, बाथरूममध्ये सहा. ‘दिवसाला किती?’ या प्रश्नाला तुमच्याकडे उत्तर नाही आणि जे मोजता येत नाही ते थोडंथोडं कमीही करता येत नाही. म्हणून आधी या सवयीला कडा आणायच्या, मग ती तोडायची.

डोसचाही अंदाज घ्या. ५ टक्के म्हणजे दर मिलिलीटरला सुमारे ५० मिलिग्रॅम निकोटिन. १० मिली म्हणजे ५०० मिलिग्रॅम. ते पाच-सहा दिवसांत संपत असेल, तर दिवसाला ८० ते १०० मिलिग्रॅमचं द्रव तुम्ही उडवता. रक्तात जातं ते याहून बरंच कमी, त्यामुळे त्याचं सिगारेटींत रूपांतर करत बसू नका. पण ब्रिटनमध्ये कायद्यानं मिलिलीटरला २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, तुमच्या हातातलं त्याच्या अडीचपट आहे. इतकं तीव्र निकोटिन घशाला झोंबत कसं नाही? कारण ते ‘सॉल्ट’ स्वरूपात असतं. बहुतेक वेळा बेंझोइक ॲसिड मिसळून त्याचा जाळ कमी केलेला असतो. आंब्या-कलिंगडाचा गोडवा वरून. घसा जिथं ‘पुरे’ म्हणाला असता, ती खूणच काढून टाकलेली असते.

झिरो निकोटिनचा विचार इथं सोडा. जिथं बाटलीवरच्या आकड्यावर विसंबता येतं आणि पुन्हा भरायचं डिव्हाइस मिळतं, तिथं २० वरून १०, मग ६, मग ३ असं उतरत जाणं हा खरा मार्ग आहे. ब्रिटनमधले मराठी वाचक तो वापरू शकतात. आपल्याकडे २०१९च्या कायद्यानं ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठवण, जाहिरात सगळ्यावर बंदी आहे आणि ती निकोटिन नसलेल्या डिव्हाइसलाही लागू आहे. म्हणजे तुमच्या ‘ओळखीच्या माणसा’कडून येणारं ‘झिरो’ कुणीही तपासलेलं नसतं. शिवाय तीव्रता खरोखर उतरली तरी माणूस नकळत जास्त खोल आणि जास्त वेळा ओढतो, त्यामुळे कमी केल्याचं नुसतं समाधान मिळतं. याउलट निकोटिन गम आणि त्वचेवर चिकटवायचा निकोटिन पॅच ही परवाना असलेली औषधं आहेत. ती या बंदीत येत नाहीत, केमिस्टकडे मिळतात आणि त्यांच्यावरचा आकडा खरा असतो.

पहिला आठवडा. व्हेप चालू ठेवा, पण त्याची जागा बदला. उशीखालून ते आजच निघालं पाहिजे. रात्री स्वयंपाकघरातल्या वरच्या कप्प्यात ठेवा. ओढायचं फक्त गॅलरीत किंवा इमारतीच्या बाहेर, उभं राहून, फोन आत ठेवून. कामाच्या टेबलावर नाही, गाडीत नाही, बाथरूममध्ये नाही, बेडवर तर नाहीच. घरात ओढणं पहिल्या दिवसापासून बंद, कारण त्या वाफेत निकोटिन असतं आणि घरात गरोदर बाई आहे. एका वेळी पाच मिनिटं, मग परत कप्प्यात. कागदावर एक रेघ मारायची. पफ मोजू नका, खेपा मोजा. बॉक्सवरचा पफचा आकडा यंत्रावर ठरावीक लहान पफ मारून काढलेला असतो, तुमच्या ओढण्याशी त्याचा संबंध नाही. पहिल्या दोन दिवसांत वीस-पंचवीस रेघा झाल्या तर घाबरू नका. इतके दिवस त्या दिसत नव्हत्या, एवढंच.

सकाळचा पहिला पफ हा सगळ्यात घट्ट धागा आहे. पहिले तीन दिवस तो आंघोळीनंतर, पुढचे तीन दिवस नाश्त्यानंतर, मग लॉगिन करून एक तास झाल्यावर.

दुसरा आठवडा. दोन खेपांमध्ये किमान दीड तास, मग दोन तास. याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा. जमलं तर जिल्हा रुग्णालयातल्या तंबाखूमुक्ती केंद्रात जा. नाहीतर फॅमिली डॉक्टर चालतील, पण ‘५ टक्के, १० मिली, पाच-सहा दिवस, उठल्या उठल्या पहिला पफ’ ही माहिती त्यांना जशीच्या तशी द्या. नुसतं ‘व्हेप करतो’ म्हटलं तर बरेच जण सौम्य सवय समजून सौम्य सल्ला देतात. हृदयाचा त्रास, फिट्स, मूत्रपिंडाचा आजार, नैराश्याची औषधं, यातलं काही असेल तर आधी सांगा. तयारीचा काळ दोन आठवड्यांच्या पुढे मात्र नेऊ नका. ‘अजून थोडं कमी करून मग’ म्हणणारा सहा महिन्यांनीही कमीच करत असतो.

तारीख. तुमचा ताण कामाचा दिसतो, म्हणून गुरुवारी रात्री शेवटचं ओढा. शुक्रवार पहिला दिवस, कळस शनिवार-रविवारी. पण शनिवारी मित्रांबरोबर बिअर ठरलेली असेल तर हेच गणित उलटं करा, रविवारी रात्री बंद करा. पहिला महिनाभर दारूची बैठक टाळाच. ‘एकच पफ’ सगळ्यात जास्त वेळा तिथंच होतो.

शेवटच्या रात्री उरलेलं डिव्हाइस ‘अडीअडचणीला’ म्हणून ठेवायचं नाही. फोडू नका, आत लिथियमची बॅटरी असते, आणि त्वचेवर किंवा लहान मुलाच्या तोंडात गेलं तर ते द्रव विषारी आहे. चार्जिंगच्या भोकावर चिकटपट्टी लावून ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. घंटागाडीच्या ओल्या-सुक्यात टाकू नका. आणि विकणाऱ्याचा नंबर ब्लॉक करा. नुसता डिलीट केला तर त्याचा ‘नवीन स्टॉक आला’ हा मेसेज तिसऱ्या दिवशी नेमका येतो.

आता गम आणि पॅच. गमनं फरक पडतो, पण ते चुकीचं चघळणारेच जास्त. तुमच्यासारख्या उठल्या उठल्या ओढणाऱ्याला नुसतं गम बहुधा कमी पडेल. साधारण पद्धत अशी की पॅच दिवसभराचा पाया धरतो आणि गम अचानक उठणारी तलफ मारतं. पॅच २१ मिलिग्रॅमचा सहा आठवडे, मग १४चा दोन, मग ७चा दोन आठवडे, असा नेहमीचा क्रम असतो. तुमचा डोस डॉक्टर ठरवतील. २ मिलिग्रॅमचं गम चिठ्ठीशिवाय मिळतं, ४च्या गमला चिठ्ठी लागते.

पॅच पहिल्या दिवशी उठल्यावर लावा. दंडावर, छातीवर किंवा पाठीवर, केस नसलेल्या, कोरड्या त्वचेवर. तिथं तेल, पावडर, मॉइश्चरायझर काही नको. तळहातानं दहा सेकंद दाबून धरा. रोज जागा बदला, तीच जागा आठवडाभर परत नाही. किंचित खाज आणि लाली चालते, पुरळ उठलं तर डॉक्टरांना दाखवा. घामानं कडा सुटत असतील तर मेडिकल टेपची पट्टी लावा. पॅचचा परिणाम जाणवायला काही तास लागतात, म्हणून सकाळचा पहिला तास गमवर काढायचा. रात्री पॅच ठेवला तर काहींना फार स्पष्ट, विचित्र स्वप्नं पडतात. तसं झालं तर झोपताना काढा, पण मग सकाळची तलफ जरा जास्त असेल हे धरून चाला. वापरलेला पॅच चिकट बाजू आत घेऊन दुमडा आणि झाकणाच्या डब्यात टाका. त्यात अजून निकोटिन शिल्लक असतं आणि घरात लवकरच रांगणारं माणूस येणार आहे.

गम हे च्युइंगगम नाही. आठ-दहा वेळा सावकाश चावा. मिरीसारखी झणझण जाणवली की थांबा आणि गाल व हिरडी यांच्यामध्ये दाबून ठेवा. झणझण गेली की परत दोन-चार वेळा चावा, दुसऱ्या गालात ठेवा. असं अर्धा तास. निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतून रक्तात जातं. भराभर चावलं तर ते लाळेबरोबर पोटात जातं, यकृत त्यातलं बरंचसं आल्या पावली निकामी करतं, आणि तुमच्या वाट्याला फक्त उचक्या आणि जळजळ उरते. ‘गम घेतलं, काही झालं नाही, वर ॲसिडिटी झाली’ म्हणणाऱ्या दहातल्या आठांचं हेच झालेलं असतं, असं म्हटलं तर फार अतिशयोक्ती होणार नाही.

दुसरी चूक कॉफीची. आंबट किंवा आम्लधर्मी पेयानं तोंडातलं शोषण थांबतं. कॉफी, कोल्ड्रिंक, लिंबू सरबत, कोकम, फळांचा रस, हे गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असेपर्यंत नको. चहाही त्याच यादीत धरा. म्हणजे ऑफिसच्या चहाच्या वेळी आधी चहा, मग पाण्याची चूळ, पंधरा मिनिटांनी गम.

तिसरी चूक कंजूषपणाची. व्हेपचं निकोटिन काही क्षणांत मेंदूत पोचतं, गमला वीस-तीस मिनिटं लागतात. तलफ डोक्यावर बसल्यावर गम शोधलं तर उशीर झालेला असतो. तुमच्या रेघांचा कागद इथं कामाला येतो. ज्या वेळांना रेघा दाट आहेत, त्याच्या वीस मिनिटं आधी गम तोंडात पाहिजे. पॅचशिवाय फक्त गम घेणार असाल तर पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, पुढचे तीन आठवडे दर दोन-चार तासांनी, शेवटचे तीन आठवडे दर चार-आठ तासांनी. दिवसाला २४च्या वर कधीही नाही. डोस कमी पडतोय की जास्त होतोय हे ओळखणं सोपं आहे. अस्वस्थपणा, चिडचिड, डोक्यात सतत व्हेप, म्हणजे कमी. मळमळ, घाम, गरगर, छातीत धडधड, म्हणजे जास्त. तेव्हा गम थुंका आणि पुढचा डोस लांबवा. धडधड थांबली नाही किंवा छातीत दुखलं तर मात्र गमचा हिशोब करत बसू नका, दवाखाना गाठा.

हे करूनही जमलं नाही तर व्हॅरेनिक्लिन नावाची गोळी आहे. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीनंच घ्यायची. सोडायच्या तारखेच्या आठवडाभर आधी सुरू होते आणि बारा आठवडे चालते. जेवणानंतर भरपूर पाण्याबरोबर घेतली नाही तर मळमळतं. रोज व्हेप करणाऱ्या १६ ते २५ वयोगटातल्या लोकांवर अमेरिकेत झालेली चाचणी २०२५ साली प्रसिद्ध झाली. त्यात या गोळीबरोबर समुपदेशन मिळालेल्यांपैकी ५१ टक्के उपचाराच्या शेवटच्या महिन्यात व्हेपपासून दूर होते, तर समुपदेशनाबरोबर औषध नसलेली खोटी गोळी मिळालेल्यांपैकी १४ टक्के. तुमचं वय त्याच्या थोडं पुढं आहे, पण व्हेपसाठीचा एवढा ठळक पुरावा अजून गम-पॅचच्या बाजूनंही नाही. तरी सुरुवात गम-पॅचनं करा म्हणतो, कारण ते उद्या मिळतात आणि चुकलं तर सुधारता येतात.

तिसरा दिवस. तलफेची लाट साधारण पाच-दहा मिनिटांची असते. ती कायमची वाटते, पण घड्याळ लावून बघा. त्या वेळात हाताला आणि तोंडाला काम द्या. बडीशेप, वेलदोडा, लवंग, गाजराचे तुकडे, गार पाणी स्ट्रॉनं. सुपारी मात्र नको, सुगंधी तर नाहीच. ‘तंबाखू नाही ना त्यात’ म्हणून बरेच जण तिकडे वळतात, पण सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे. बद्धकोष्ठता होते, ती कुणी सांगत नाही म्हणून माणसं घाबरतात. पाणी, काकडी, रात्री इसबगोल, एवढं पुरतं. भूक वाढते आणि गोड खावंसं वाटतं, कारण दिवसभर जिभेवर गोड फ्लेवर होता. फुटाणे, शेंगदाणे टेबलावर ठेवा, बिस्किटांचा पुडा कपाटात. वजन थोडं वाढलं तर वाढू द्या, दोन्ही लढाया एकदम लढू नका.

सिगारेट सोडणाऱ्यांना कॉफी कमी करायला सांगतात, कारण धुरातल्या डांबरामुळे यकृत कॅफिन भराभर संपवत असतं आणि धूर थांबला की तीच कॉफी जड पडते. हे काम धुराचं आहे, निकोटिनचं नाही. तुम्ही तीन वर्षं नुसतं व्हेप करताय, त्यामुळे त्या कारणासाठी कॉफी तोडायची गरज नाही. फक्त गमशी वेळ जमवा, आणि झोप लागत नसेल तर दुपारनंतर नको.

परत सिगारेटची भीती रास्त आहे. व्हेप नाही म्हणून टपरीवरची एक, हा तुमच्यासारख्या जुन्या सिगारेटवाल्याचा ठरलेला घसरता रस्ता आहे, आणि जळणारा तंबाखू व्हेपपेक्षा निश्चितच वाईट. ‘नुसती एक’ वाटली की ती पॅचचा डोस कमी पडल्याची खूण समजा आणि गम घ्या. हुक्काही त्याच खात्यात. आणि समजा एखादा पफ झालाच, तर पॅच काढू नका, ठरवलेला क्रम मोडू नका, ‘सोमवारपासून नव्यानं’ तर अजिबात नको. तो पफ कुठं, किती वाजता, कुणाबरोबर झाला एवढं कागदावर लिहा, आणि पुढच्या वेळी त्या जागी वीस मिनिटं आधी गम.

बायकोला तारखेच्या आधी सांगा. त्यात निकोटिन असतं, अमुक तारखेला बंद करतोय, दुसरा-तिसरा दिवस वाईट जाईल, तेव्हा महत्त्वाचं काही बोलायला बसू नकोस, आणि मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो तर विचारू नकोस, एवढं पुरे. मागच्या दोन्ही भांडणांत तिला कारणच माहीत नव्हतं. तिला न सांगता तिसरा प्रयत्न केलात तर तिसरं भांडण ठरलेलं आहे.

बोलायला अनोळखी माणूस बरं वाटत असेल तर राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६, फोन फुकट. सुरुवातीलाच व्हेपचं सांगा आणि सोडायची तारीख द्या.

गम बारा आठवड्यांनंतरही दिवसाला एखाद-दुसरं लागत असेल तर जबरदस्तीनं थांबवू नका, डॉक्टरांना सांगून महिना-दोन महिने जास्त घ्या. फक्त ते पाकीट उशाशी किंवा पँटच्या खिशात नको. बाळाचा हात पोचणार नाही अशा कुलपाच्या कपाटात ठेवा.